नाताळच्या फराळांतील चकली

शाळेच्या वार्षिक अंकांत सहलीचें वर्णन यावें, थोरांचें चरित्र यावें, एखादी कविता यावी, हें रीतीस धरून आहे. परंतु तळणाच्या कढईविषयीं कोणी लिहूं लागल्यास कांहीं वाचक नाकें मुरडतील. त्यांतून लिहिणारा पुरुष, आणि पेशानें गणिताचा शिक्षक! तथापि गेल्या नाताळांत आमच्या घरीं चकलीच्या निमित्तानें जें घडलें, तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या मातापितरांस सांगण्याजोगें आहे असें वाटल्यावरून आम्ही हा विषय हातीं घेतला आहे.

फराळ हा दिवाळीचाच, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु मराठी ख्रिस्ती घरांतूनही डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून करंज्या, शंकरपाळे, शेव, चिवडा यांचे डबे भरूं लागतात. आमच्या पूर्वजांनीं उपासनेची रीत बदलली. जिभेची रीत बदलण्याचें त्यांस कारण दिसलें नाहीं, आणि तें एक बरेंच झालें. दिवाळींत शेजारच्या घरांतून आमच्याकडे ताटें येतात, नाताळांत आमच्याकडून त्यांच्याकडे जातात, आणि रिकामें ताट परत करूं नये हा नियम दोन्ही सणांस सारखाच लागू आहे.

नाताळच्या दिवशीं सकाळची उपासना आटोपून, मंदिराच्या आवारांत सर्वांची विचारपूस करून घरीं पोहोंचावयास अकरा वाजून जातात. ही वेळ मोठी विलक्षण. न्याहारीची म्हणावी तर ती टळून गेलेली. जेवणाची म्हणावी तर भात अद्याप शेगडीवर चढलेला नाहीं. पोटांत भूक असते आणि दारांत पाहुणे असतात. कोणी पाव तास बसतो, कोणी उभ्याउभ्याच शुभेच्छा देऊन पुढच्या घरीं जातो. अशा वेळीं पंगत मांडतां येत नाहीं. ताट पुढें करावें, पाहुण्यानें बोटांनीं उचलावें आणि बोलतां बोलतां खावें, हाच प्रकार सोयीचा. गोव्याकडील ख्रिस्ती घरांत या सणास नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, बेबिंक असे पदार्थ करतात. आमच्याकडे करंजी, शंकरपाळे आणि केक. म्हणजे सगळें गोडच गोड. चार घरचें गोड खाऊन आलेल्या माणसाची दृष्टि ताटांत प्रथम कशावर पडते, हें आम्ही अनेक वर्षें पाहात आलों आहों. ती चकलीवर पडते.

आमच्या आईची चकली आमच्या मंडळींत प्रसिद्ध होती. "होती" असें म्हणण्याचें कारण, तीन वर्षांपूर्वीं संधिवातानें तिचीं बोटें वांकडीं झालीं, आणि सोऱ्या दाबण्याचें काम तिच्यानें होईना. आमची पत्नी परिचारिका आहे; नाताळच्या आठवड्यांत तिच्या रुग्णालयांतील पाळ्या कधीं चुकत नाहींत. बहीण दूरच्या गांवीं नांदते. तेव्हां दोन नाताळ चकल्या बाजारांतून आल्या. त्या वाईट होत्या असें म्हणणें अन्यायाचें होईल. त्या कुरकुरीत होत्या, आकारानें एकसारख्या होत्या, आणि पिशवीवर वजन व दिनांक छापलेला होता. पाहुण्यांनीं त्या खाल्ल्याही. परंतु दुसरी कोणी मागितली नाहीं, आणि आई त्या दिवशीं स्वयंपाकघरांतून बाहेरच आली नाहीं.

गेल्या डिसेंबरांत एक विचार आमच्या मनांत येऊन बसला. आईची भाजणी तिच्यावांचून कोणासच ठाऊक नव्हती. पाककृतींचीं पुस्तकें घरांत आहेत. कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' हें पुस्तक १९७० सालीं प्रसिद्ध झालें, आणि तेव्हांपासून किती नवविवाहितांचे संसार त्या वाटी-चमच्याच्या मापांनीं तरले असतील कोण जाणे! पण पुस्तकांतील चकली ती पुस्तकांतली. आईची चकली तिच्या ओंजळींत होती. प्रमाण विचारलें कीं ती म्हणे, "तांदूळ एवढे," आणि दोन्ही हात पुढें करी. ओंजळ हें माप ज्याचें त्याचें निराळें. तें वहींत उतरून घेतां येत नाहीं, आणि त्या हातांबरोबर तें एक दिवस जावयाचें, हें उघड होतें.

म्हणून आम्हीं घरांतील लहानसा वजनकांटा आणून परातीखालीं ठेविला आणि म्हटलें, "आई, नेहमीसारखें घाल."

"अरे, मास्तर माणूस तूं, हें काय मांडलें आहेस? लोक हंसतील," ती म्हणाली. तरी तिनें घातलें. बोटें वांकडीं असलीं तरी ओंजळ तीच होती. तांदूळ पडले ते ८१० ग्रॅम. हरभऱ्याची डाळ ३९५. उडदाची डाळ २०५. मुगाची डाळ बरोबर १००. आम्ही थोडा वेळ त्या आंकड्यांकडे पाहातच राहिलों. ग्रॅमांची किरकोळ तूट सोडून दिली, तर प्रत्येक धान्य आधींच्या धान्याच्या निम्में! वर्गांत श्रेढी शिकवितांना उदाहरणें शोधण्यांत आमचीं वर्षें गेलीं, आणि इयत्ता चौथीपर्यंत शिकलेली आमची आई पन्नास वर्षें तीच श्रेढी परातींत मांडीत होती. धने मूठभर आणि जिरें दोन चमचे पडलें, तें मात्र या हिशेबांत बसत नाहीं. बसविण्याची खटपटही आम्हीं केली नाहीं.

यांतील प्रत्येक धान्यास आपलें काम आहे. तांदूळ कुरकुरीतपणा देतो. हरभऱ्याची डाळ चव आणि रंग देते. मूग हलकेपणा आणतो. उडीद नसेल तर पीठ धरून राहात नाहीं, आणि चकली सोऱ्यांतून पडतांपडतांच तुटते. दक्षिणेकडील मुरुक्कु ही आमच्या चकलीची बहीणच. तींत मुख्यतः तांदूळ आणि उडीद असतात, आणि तमिळ भाषेंत त्या शब्दाचा अर्थ "पिळलेलें" असा आहे. धान्यें धुवून सावलींत फडक्यावर वाळवावीं, आणि मंद आंचेवर एकेक निराळें भाजावें. सर्व एकत्र भाजूं गेल्यास मूग करपतो तोंवर हरभरा कच्चाच असतो. (वर्गांतील मुलांविषयींही आमचा अनुभव असाच आहे, पण तो विषय निराळा.) दळण गिरणींत नेतांना "हें गव्हावर दळूं नका" असें बजावून सांगण्याची बायकांची रीत आहे, आणि आमच्या हातीं पिशवी देतांना आईनें तें तीन वेळां बजाविलें.

ज्यांस आपल्या सणाचा पदार्थ सृष्टीच्या आरंभापासून जसाच्या तसा चालत आला असें वाटतें, त्यांनीं चकलींतील लाल तिखटाकडे पाहावें. मिरची मूळची अमेरिका खंडांतील. १४९८ सालीं वास्को द गामा कालिकतास उतरला, त्यापूर्वीं या देशांत ती कोणी पाहिली नव्हती. पुढें पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर ती आली. ज्या शेंगदाण्याच्या तेलांत आम्ही तळतों, तो भुईमूगही तिकडचाच. म्हणजे त्या काळापूर्वीं कोणी चकली केली असेल, तर ती मिऱ्यांच्या तिखटपणाची आणि तिळासारख्या दुसऱ्या कोणत्या तरी तेलांत तळलेली असली पाहिजे.

शाळेस सुटी लागतांच २२ तारखेस तळण काढलें. आईस आम्हीं खुर्ची दिली. आम्ही कढईपाशीं, थोरला मुलगा, जो नववींत आहे, सोऱ्यावर, आणि सहावींतील धाकटी कागदावर पाडलेल्या चकल्या हलक्या हातानें उचलून देण्यास, अशी कामें वांटलीं. एक वाटी भाजणीस साधारण एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेलाचें मोहन. त्यांत मीठ, तिखट, हळद, तीळ, ओवा, हिंग. पाण्यास उकळी आली कीं भाजणी घालून ढवळावी, आणि झांकण ठेवून तासभर तिच्याकडे पाहूं नये. उकळत्या पाण्यानें पिठांतील पिष्टमय भाग फुगून चिकट होतो. थंड पाण्यानें तें काम होत नाहीं. मग पीठ थोडेंथोडें घेऊन मळावयाचें. किती मळावयाचें आणि पाण्याचा हात किती लावावयाचा, याचें उत्तर आईपाशीं एकच होतें. "पीठ मागेल तेवढें." तिनें वांकड्या बोटांनीं गोळा दाबून पाहिला, दोनदां नको म्हटलें, तिसऱ्यांदा मान डोलाविली.

सोऱ्या पितळी, आमच्या आजीच्या वेळचा. आंत चांदणीच्या आकाराच्या भोंकाची चकती घातली कीं चकलीस कांटे येतात. पीठ सैल असेल तर कांटे उमटत नाहींत; घट्ट असेल तर वेढा मोडतो. क्रिकेट खेळणाऱ्या मुलाच्या मनगटांत जोर पुष्कळ, पण वेढ्याला जोरापेक्षां संथपणा अधिक लागतो. "दाबतांना हात थांबवूं नको, बाळा, फिरवतांना घाई करूं नको," असें आई खुर्चीवरून सांगत होती.

इतक्यांत त्याचा एक मित्र खेळावयास बोलावण्यासाठीं खिडकीशीं आला, आणि आंतील देखावा पाहून मोठ्यानें हंसला. मुलगा कानापर्यंत लाल झाला. आम्ही कांहीं बोललों नाहीं. आईच म्हणाली, "हंसतोस काय? ये आंत, हात धू." तो आंत आला, हात धुतले, आणि त्यानें पाडलेली पहिली चकली दुधीभोपळ्याच्या आकाराची झाली. मग मात्र दोघांत चुरस लागली, आणि त्या दिवशीं क्रिकेट राहून गेलें. कित्येक घरांत मुलगी आठ वर्षांची झाली कीं तिच्या हातीं लाटणें देतात, आणि मुलास पंधराव्या वर्षींही पाण्याचा पेला नेऊन द्यावा लागतो. यास लोक मुलाचा लाड म्हणतात. आम्ही त्यास मुलाचें अर्धें शिक्षण बुडविणें म्हणूं. ज्या आईबापांस हें कडक वाटेल त्यांनीं आम्हांस जरूर भेटावें, चहाबरोबर बोलूं.

तळण्यासंबंधानें विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतें. तळणाचें तेल त्याहून पुष्कळ तप्त, सुमारें १६० ते १७० अंश असतें. चकली तेलांत पडतांच तिच्यांतील पाण्याची वाफ होते, आणि तेच ते बुडबुडे. बुडबुडे शमले कीं पाणी सरलें असें समजावें, आणि झाऱ्यानें चकली काढावी. आंच मोठी ठेविली तर वरचें कवच लवकर लाल होऊन कडक होतें, पाणी आंतच कोंडून राहतें, आणि डब्यांत गेल्यावर तें हळूहळू पसरून चकली मऊ पडते. मोहन अधिक झालें तर ती तेलांत विरघळल्यासारखी सुटते. गरम चकली डब्यांत भरूं नये, याचेंही कारण तीच वाफ. आईस वाफेचें शास्त्र ठाऊक नव्हतें. ती बुडबुड्यांचा आवाज ऐकून, कढईकडे न पाहतां, "काढ आतां" म्हणे, आणि प्रत्येक वेळीं तिचें बरोबर असे. दुसऱ्या घाण्यापासून आम्हीही कान देऊं लागलों. चौथ्या घाण्यास तिनें सांगण्यापूर्वींच आमचा झारा तेलांत गेला होता, आणि ती कांहीं न बोलतां नातीशीं गप्पा मारूं लागली.

नाताळच्या दिवशीं सव्वाअकराच्या सुमारास पहिले पाहुणे आले. आई बाहेरच्या खोलींत येऊन बसली. मंडळींतील एका वृद्ध गृहस्थांनीं चकली उचलली, मोडली, खाल्ली, आणि न विचारतां दुसरी घेतली. "बाई, हात बरे झाले वाटतें?" त्यांनीं आईस विचारलें.

"माझे कसले? यांचे," असें म्हणून तिनें सोफ्याच्या मागें उभ्या असलेल्या नातवाकडे बोट दाखविलें. मग आपणही एक चकली घेतली, कानापाशीं धरून मोडली आणि तिचा आवाज ऐकला. "मोडते बरी. मीठ अंमळ कमी आहे. पुढच्या खेपेस चिमूटभर वाढवा."

मुलानें त्याच संध्याकाळीं वहींतील मिठाचा आंकडा खोडून नवा लिहिला. भाजणी पाऊण किलो उरली होती. ती नववर्षाच्या दिवसासाठीं ठेविली.