माळ्यावरची सायकल

तुमच्या घरच्या माळ्यावर काय काय पडले आहे, ते एकदा शिडी लावून बघाच. आमच्याकडे तांब्याचा बंब, पाळण्याच्या कड्या आणि गोणपाटात गुंडाळलेली एक लेडीज सायकल निघाली. निमित्त झाले माझ्या स्कूटरचे. ती 2019 च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेचा पूर आला तेव्हा शाळेच्या आवारात बुडाली होती. तेव्हापासून तिचे दुखणे काही संपत नाही. गेल्या जूनमध्ये ती पुन्हा गॅरेजमध्ये गेली आणि मेकॅनिकने आठ दिवसांचा वायदा केला. आठ दिवस म्हणजे पंधरा, हे तुम्हाला मी सांगायला नकोच!

आम्ही विश्रामबागेत राहतो आणि माझी शाळा गावभागात. अंतर चार किलोमीटर. दोन दिवस वडापने गेले. तिघांच्या जागेत पाच जण आणि शेजारच्या बाईंची मेथीची पेंडी माझ्या मांडीवर. तिसऱ्या दिवशी म्हटलं, सांगलीसारख्या सपाट गावात एवढ्या हालअपेष्टा कशासाठी? सायकल खाली काढली.

सायकल होती मोठ्या वन्संची. त्यांना विलिंग्डन कॉलेजात जायला सासऱ्यांनी घेऊन दिलेली. साडी चाकात जाऊ नये म्हणून मागे जाळी, पुढे टोपली, चेनवर पूर्ण झाकण. दुकानदाराने दोन्ही टायर-ट्यूब, ब्रेकचे रबर आणि सीट बदलून दिली. पेट्रोलवर महिन्याला जेवढे जाते त्याच्या दुप्पट गेले. पण एकदाच गेले.

सासूबाई मात्र दारात उभ्या. "शिकवायला जाणाऱ्या बाईनं सायकलवर जायचं? पोरं काय म्हणतील?"

मला खरे तर त्याचीच धास्ती होती. पहिल्या दिवशी फाटकाशी दोन मुली फिदीफिदी हसल्याही. मी उतरून पदर सावरला, निऱ्या झटकल्या आणि तडक वर्गावर गेले. चौथ्या दिवसापासून कुणाचे लक्षही नव्हते. आपणच आपल्याकडे सगळ्यात जास्त बघत असतो, नाही का?

हिशेब लिहून ठेवायची मला सवय आहे, म्हणून सांगते. शाळेचे जाऊन-येऊन आठ आणि बाजार, लेकीचा क्लास धरून आणखी चार, असे दिवसाला 12 किलोमीटर. महिन्याचे 25 दिवस धरले तर 300. स्कूटर लिटरला 40 देते, म्हणजे साडेसात लिटर. पेट्रोल शंभराच्या वर आहे, तेव्हा महिन्याला साडेसातशेहून अधिक रुपये, आणि त्यात गॅरेज धरलेलेच नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी कोपऱ्यापर्यंत स्कूटर काढतो ना, तेव्हा थंड इंजिन जास्तच पेट्रोल पिते. तीच फेरी सगळ्यात महाग!

लेक आठवीत आहे. ती म्हणाली, "आई, एक लिटर पेट्रोल जाळलं की 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड होतो." मी हसले. लिटरभर पेट्रोलचे वजनच पाऊण किलो, मग अडीच किलोच्या आसपास धूर कुठून येणार? तिने वहीत मांडून दाखवले: पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो आणि वजन वाढते. म्हणजे माझे महिन्याचे 17 किलो झाले. दोन पिशव्या साखर भरेल एवढे! बी.ए.ला मी इतिहास घेतला होता हो, मला कुठे हे ठाऊक?

सगळे सायकलवरच होते असे मात्र समजू नका. मुसळधार पावसात मी वडापच धरते. माहेरी तासगावला जायचे तर एस.टी. 17 मार्च 2023 पासून आपल्याला राज्यात एस.टी.चे अर्धे तिकीट आहे, तेव्हा गाडी काढायचे कारणच उरले नाही. हे कुपवाडच्या एम.आय.डी.सी.त जातात. एवढ्यातेवढ्याला सायकल त्यांना पटत नाही, पण गल्लीतल्याच एका सहकाऱ्याबरोबर आता आळीपाळीने एकाच मोटारसायकलवर जातात. स्कूटर दुरुस्त होऊन आली आहे. रात्री-अपरात्री दवाखान्यासाठी ती हवी, म्हणून विकली नाही. आणि मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात मी तिच्यावरच बसले, हेही कबूल करते.

पण सासूबाईंचा राग जाईना. शेवटी एका संध्याकाळी शेंगा फोडता फोडता त्या बोलल्या. वन्संना बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणाले होते, मुलगी सायकलवरून गावभर हिंडते. दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी सायकल माळ्यावर चढवली. कॉलेजचे शेवटचे वर्ष पोरीने चालत काढले. ते स्थळ जुळले नाहीच. "तिनं एका शब्दानं विचारलं नाही मला," त्या म्हणाल्या, "आणि मीही उतरवली नाही."

मी काय बोलणार? टरफले गोळा केली आणि आत गेले.

दिवाळीला वन्सं आल्या. आता त्यांना नातू आहे, गुडघे दुखतात. अंगणात सायकल दिसली आणि त्या नुसत्या उभ्या राहिल्या. मग चपला काढल्या, पदर खोचला आणि माझ्या लेकीला म्हणाल्या, "जरा धर गं मागून." गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या, घंटी वाजवत आल्या. सासूबाई दारातच होत्या.

"आई, मागचा ब्रेक ढिला आहे," वन्सं धापा टाकत म्हणाल्या.

सासूबाई आत वळल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या शाळेला जायच्या आधी आवळून घे तो."