पाळकाच्या दोन मंडळ्या

आपल्या मराठी भाषेची एक गंमत आहे. ‘आमची मंडळी माहेरी गेली आहे’ असे कोणी म्हणाला, की तो बायकोबद्दल बोलतो आहे हे आपण लगेच ओळखतो. ख्रिस्ती बांधवांत मात्र मंडळी म्हणजे देवळात उपासनेला जमणारा सगळा समाज. म्हणजे पाळकसाहेबांना दोन मंडळ्या झाल्या, एक देवळातली आणि एक घरातली. देवळातल्या मंडळीची नावे वहीत असतात. घरातल्या मंडळीचे कष्ट कोणत्याच वहीत चढत नाहीत. ह्या दुसऱ्या मंडळीबद्दल आज चार शब्द लिहावेसे वाटतात.

मी स्वतः ख्रिस्ती नाही. आमच्या घरी पंढरीची वारी आहे. पण कृषी पदवी घेऊन पंचायत समितीत विस्तार अधिकारी झालो आणि नोकरीची बरीच वर्षे अहमदनगर जिल्ह्यात गेली. २०२४ पासून ह्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. इथे ख्रिस्ती समाज काही कालपरवाचा नाही. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणे केले. ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक १८४२ साली नगरलाच सुरू झाले. आज राहुरी, नेवासे, शेवगाव ह्या भागात फिरलात, तर कितीतरी गावांत मारुतीच्या देवळाप्रमाणे ख्रिस्ती देऊळही दिसेल आणि त्याच्या शेजारी पाळकांचे घर. ह्या समाजातली बरीच माणसे शेती करणारी किंवा शेतात राबणारी. त्यामुळे माझा त्यांच्याशी संबंध बियाणे, खते, फवारणी ह्या निमित्ताने आला आणि पुढे तो घरोब्याचा झाला.

पाळकाची नोकरी आणि माझी नोकरी वरवर पाहता सारखीच. दोघांच्याही बदल्या होतात, दोघेही दुसऱ्याच्या घरात राहतात, दोघांनाही लोक वेळीअवेळी हाक मारतात. पण एक मोठा फरक आहे. पाऊस पडो न पडो, माझा पगार ठरलेला होता. खेड्यातल्या पाळकाचे मानधन पुष्कळ अंशी मंडळीच्या वर्गणीवर आणि दानावर चालते. बाजरी पिकली तर वर्गणी येते, कांद्याचे भाव पडले की ती मागे पडते. म्हणजे ज्याच्या नावावर एक गुंठाही नाही, असा हा माणूस आपल्यासारखाच पावसाकडे डोळे लावून बसतो. पीक विमा मात्र त्याला कोणी देत नाही.

शिवाय ह्या नोकरीला सुट्टी नाही. रविवार हा तर त्याचा सगळ्यांत कामाचा दिवस. लग्न, बारसे, आजारपण, मयत, भावाभावांतला बांधाचा तंटा, सगळ्याला पाळक हवा. आणि पाळकाच्या दारात आलेल्या प्रत्येकाला चहा करून देणारे हात त्याच्या घरातल्या बाईंचे. त्या बायकांच्या सभा घेतात, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतात, आजाऱ्याच्या घरी जातात. ह्या कामाचा त्यांना पगार नसतो, त्यांची नेमणूकही झालेली नसते. नेमणूक नवऱ्याची, राबणूक दोघांची.

ही गोष्ट मराठी वाचकाला प्रथम कोणी ठसठशीतपणे सांगितली असेल तर ती लक्ष्मीबाई टिळकांनी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांची भजने आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात. पण ‘स्मृतिचित्रे’ वाचले म्हणजे कळते की त्या भजनांमागे एक संसार होता. टिळकांनी हातातला पैसा देऊन टाकावा, कोणालाही घरी आणावे आणि लक्ष्मीबाईंनी त्यातून घर चालवावे. शाळेचे शिक्षण नसलेल्या ह्या बाईने १९३४ पासून ते सारे भागाभागाने छापले, तेही रडगाणे न गाता, हसतखेळत. त्यांनी लिहिले म्हणून आपल्याला कळले. न लिहिणाऱ्या किती जणी असतील!

त्यांपैकी एक मी जवळून पाहिल्या. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्च महिन्यांत महाराष्ट्रभर गारपीट झाली ती तुम्हांला आठवत असेल. काढणीला आलेला गहू आडवा झाला, कांद्याच्या पाती चिरडून गेल्या. पंचनाम्यांसाठी आम्ही सकाळपासून शिवारात असायचो. एके सकाळी मी पाळकांच्या घरावरून जाताना चौकशीला थांबलो. बाई दारात आल्या. अंगात ताप दिसत होता. “भाऊसाहेब, हे आत्ताच पहाटे आले, जरा पडलेत,” त्या म्हणाल्या.

रात्री काय घडले ते मला नंतर समजले. गावातला एक तरुण शेतकरी गारपिटीने खचून जिवाचे बरेवाईट करण्याच्या बेतात होता. त्याच्या भावाला दुसरे कोणी सुचले नाही, त्याने पाळकांचे दार ठोठावले. तो शेतकरी ख्रिस्ती नव्हता. पाळकसाहेब गेले आणि रात्रभर त्याच्याजवळ बसले. फार उपदेश केला नाही म्हणे, बसून राहिले, बोलते केले, उजाडल्यावर त्याच्या मामांना बोलावून मगच उठले. इकडे घरी बाईंना ताप, पदरात धाकटा मुलगा आणि मुलीचा दहावीचा पेपर सकाळी अकराला. मुलगी रात्री आईच्या कपाळावर पट्ट्या ठेवीत बसली आणि सकाळी शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर परीक्षेला गेली. गावात सगळे म्हणाले, पाळकसाहेब देवमाणूस. त्या मुलीचा पेपर कसा गेला, हे मात्र कोणी विचारले नाही.

विचारले ते एकीने. त्या शेतकऱ्याची म्हातारी आई दुसऱ्या दिवशी चरवीभर दूध आणि फडक्यात भाकरी बांधून पाळकांच्या दारात उभी राहिली. बाईंना म्हणाली, “तुमच्या मालकांनी माझं लेकरू राखलं. आता पोरीची परीक्षा होईस्तोवर तुमची चूल मी राखते.” आणि तिने ती राखली. शेवटच्या पेपरापर्यंत एक दिवस खाडा केला नाही. तिला पाहून मंडळीतल्या बायकाही पुढे झाल्या. कोणी पाणी भरले, कोणी धाकट्याला सांभाळले. तो शेतकरी आज शेती करतो आहे, मुलगीही शिकून मार्गाला लागली. हार-तुऱ्यांचे पुष्कळ सत्कार मी पाहिले, पण त्या चरवीएवढा मोठा सत्कार मला दुसरा आठवत नाही.

अमेरिकेत ऑक्टोबर महिन्यात पाळकांविषयी कृतज्ञता व्यक्त करण्याची चाल आहे. १९९०च्या दशकात ती रूढ झाली. चाल चांगली आहे. पण आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे रब्बीच्या पेरणीची घाई. आपण आपल्या हंगामाप्रमाणे चालावे. विस्तार अधिकाऱ्याला सल्ला देण्याची खोड असते, म्हणून मंडळीतल्या शेतकरी बांधवांना चार गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट वर्गणीची. उरले तर देऊ असे न म्हणता, उसाचे पेमेंट किंवा कांद्याची पट्टी हातात आली की पाळकांचा वाटा आधी बाजूला काढावा. बियाण्याचे दाणे आपण राशीतून आधी काढतो, राहिलेल्यातून नव्हे. भाजीपाला द्यायचा तर बाजारात न खपलेला देऊ नये, बाजाराला न्यायचा त्यातला द्यावा.

दुसरी घराची. पाळक राहतात ते घर मंडळीचे असते. त्याचे पत्रे, कौले मृग लागण्यापूर्वी बघून घ्यावीत. गोठ्याची डागडुजी करतोच ना आपण? बदली झाली तर सामान चढवायला चार गडी उभे राहावेत. निवृत्तीनंतर हे घर सोडावे लागते, हेही लक्षात असू द्यावे. पाळक तरुण असतानाच मंडळीने त्यांच्या नावे दरमहा थोडी बचत सुरू केली, तर म्हातारपणी त्यांना घरासाठी वणवण करावी लागणार नाही.

तिसरी गोष्ट बाईंची आणि मुलांची. बाईंना काम सांगण्यापूर्वी “वहिनी, बरं आहे ना?” एवढे विचारावे. पाळकांची मुले म्हणून त्यांच्या पोरांवर नजर ठेवू नये. आपली पोरे चिंचेवर चढतात, त्यांचीही चढणारच. आठवड्यातला एक दिवस तरी, अडीअडचण सोडून, त्यांच्या दारात जाऊ नये.

चौथी गोष्ट आम्हां बाकीच्यांसाठी. कीर्तनकारबुवा बिदागी घेऊन दुसऱ्या गावाला जातात. पाळक मात्र गावातच राहतो आणि रात्री दार ठोठावले तर जात न विचारता उठतो. तेव्हा हंगामाची पहिली कणसे, पहिला गूळ, पहिली वाटीभर खवा ह्यांतले काही त्याही घरात पोचावे. आणि देताना साहेबांच्या हाती न देता बाईंच्या हाती द्यावे, म्हणजे दुसऱ्या मंडळीचीही नोंद कोठेतरी होईल.