चि. सोन्यास, ‘द एक्स्पान्स’बद्दल



तुझं पत्र काल मिळालं. ‘द एक्स्पान्स’ या अंतराळातल्या मालिकेवरून तुझ्या खोलीत दोन तट पडलेत आणि खोलीतला तुझा मित्र दोन दिवस तुझ्याशी बोललेला नाही, हे वाचून मला आनंदच झाला. एका गोष्टीसाठी इतकं जीव तोडून भांडणारी मुलं मला फार आवडतात. पण लघुग्रहांच्या पट्ट्यातला सेरेस तितक्या जोरात फिरवला तर फुटेल, एवढ्या कारणावरून तू पहिल्या दोन भागांतच मालिका सोडलीस, ते मात्र मला पटलं नाही. म्हणून हे लांबलचक पत्र.

आधी तुझा मुद्दा. मी हिशेब केला. सेरेसची त्रिज्या साधारण ४७० किलोमीटर. मूळ कादंबऱ्यांत आहे तसं आत पृथ्वीच्या ०.३ पट वजन जाणवायला हवं असेल, तर त्याला सुमारे ४० मिनिटांत एक गिरकी पुरी करावी लागेल. आज त्याला नऊ तास लागतात. त्याचं स्वतःचं गुरुत्व पृथ्वीच्या जेमतेम ३ टक्के आहे. धरून ठेवणाऱ्या ओढीच्या दहापट जोराने तो खडक-बर्फाचा गोळा बाहेर फेकला जाईल. फुटेलच. आणि ग्लासात तिरकी पडणारी ती दारूची धार, जिच्यावर तुझा मित्र इतका खूश आहे, तीही चूक आहे. एवढ्या मोठ्या गोलावर हातभर उंचीवरून ओतलेली धार मिलिमीटरभरही सरकणार नाही. हे त्याला जरूर सांग.

आता माझं म्हणणं. पहिल्याच भागात पृथ्वीच्या सरकारातली अव्हासराला एका बेल्टरची चौकशी करते, तो प्रसंग आठव. लघुग्रहांच्या पट्ट्यात, अगदी कमी वजनात वाढलेला तो माणूस. त्याला कुणी हात लावत नाही. पृथ्वीवर नुसतं टांगून ठेवलंय, आणि आपण ज्या वजनात जन्मभर सहज चालतो तेच त्याला चिरडतंय. पृथ्वीची माणसं आणि पट्ट्यातली माणसं यांच्यातलं सगळं राजकारण, सगळा द्वेष त्या एका शरीरात दिसतो. ते दृश्य भौतिकशास्त्रातून आलंय. शास्त्र काढून घेतलं तर तिथे गोष्टच उरत नाही. सेरेस कसा फिरवला, हे लेखकांनी न सांगता गृहीत धरलं. पण फिरत्या खडकात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांचं काय होईल, याचा विचार मात्र कसून केला. मी पहिलं माफ करते ते दुसऱ्यासाठी.

मालिकेतल्या यानांच्या एपस्टीन इंजिनाचंही तसंच. इतकं थोडं इंधन आणि इतका प्रचंड वेग, हे आज कुणाला जमणारं नाही. पण एकदा ते दिलं की पुढे सूट नाही. अर्ध्या वाटेवर यान उलटं फिरवून तेवढाच वेळ वेग कमी करत राहावं लागतं. निरोपाला प्रकाशाच्या वेगाने जेवढा वेळ लागेल तेवढा लागतोच. जोरात पळायचं तर अंगात औषध टोचून घ्यायचं, आणि तरीही मेंदूतली रक्तवाहिनी फुटू शकते. पाचव्या पर्वाच्या शेवटी वैमानिक अ‍ॅलेक्स तसाच जातो. तो नट पुढच्या पर्वात नसणार होता, म्हणून ते मरण आणावं लागलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कादंबऱ्यांत तसं मरण दुसऱ्याच पात्राला येतं. तरी ते उपरं वाटत नाही, कारण हा धोका पहिल्या पर्वापासून आपल्यासमोर होता.

याउलट ‘स्टार ट्रेक’चा ट्रान्सपोर्टर घे. १९६६ साली दर आठवड्याला यान ग्रहावर उतरताना दाखवणं परवडणारं नव्हतं, म्हणून माणसं विरघळवून खाली पाठवायची युक्ती काढली. युक्ती सुंदर आहे. पण ज्या भागात माणसांना अडकवायचं असेल, त्या भागात यंत्र बिघडतं किंवा एखादं वादळ आडवं येतं. नियम गोष्टीच्या सोयीने वाकतो, तेव्हा माझा जीव टांगणीला लागत नाही. गंमत म्हणजे ‘एक्स्पान्स’ची धुरा सांभाळणाऱ्या नरेन शंकर यांनी कॉर्नेलमधून उपयोजित भौतिकशास्त्रात पीएच. डी. केलीय, आणि सुरुवातीला त्यांनी ‘स्टार ट्रेक’च्याच दुसऱ्या मालिकेसाठी शास्त्र सल्लागाराचं काम केलं होतं.

आणि नाओमीने पोशाखाशिवाय एका यानातून दुसऱ्या यानाकडे मारलेली उडी! तुझ्या मित्राने तिच्यावरच बोट ठेवलंय, म्हणून सविस्तर लिहिते. पोशाखाशिवाय निर्वातात माणूस तत्काळ फुटत नाही, गोठतही नाही. १९६६ मध्ये ह्यूस्टनला निर्वात कक्षात चाचणी चालू असताना नासाच्या एका तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी निसटली. साधारण १४ सेकंदांत त्याची शुद्ध हरपली. जिभेवरची लाळ उकळत असल्याचं त्याला शेवटचं आठवत होतं. तो वाचला. म्हणजे नाओमीच्या हाती मोजके सेकंद आहेत, आणि प्राणवायूने भरलेल्या रक्ताचं इंजेक्शन टोचून ती त्यात थोडी भर घालते. ते इंजेक्शन कल्पित आहे, पण ते ज्या अडचणीवर उतारा म्हणून आलंय ती अडचण खरी आहे. शिवाय तिला अडवायला सिन तिच्यामागोमाग हवाबंद खोलीत शिरतो. तो तिचा जुना माणूस, तिच्यावर माया करणारा. त्याच्याजवळ इंजेक्शन नाही. तो मरतो. मुलाला मागे ठेवून, एका जिवलगाचा जीव घेऊन ती पलीकडच्या यानावर पोचते, तीही सुजलेल्या, भाजलेल्या अंगाने. हे पाहिल्यावर सेकंद मोजत बसणाऱ्याशीही मी वाद घालीन, आणि ‘शास्त्र कशाला हवं, गोष्ट बघ’ म्हणणाऱ्याशीही. तिथे सेकंदच गोष्ट आहेत.

तुम्हा दोघांना खरंच भांडायचं असेल, तर सहाव्या पर्वावरून भांडा. अवघे सहा भाग, आणि त्यातला वेळ दर वेळी लॅकोनिया या परग्रहावरच्या एका लहान मुलीला आणि तिच्या विचित्र प्राण्यांना दिला. ते प्रसंग मला अतिशय आवडले. पण जानेवारी २०२२ मध्ये मालिका संपली, तेव्हा तो धागा तसाच लोंबकळत राहिला. तिथे प्रश्न शास्त्राचा नाही, तरी मला ती या मालिकेतली सगळ्यात मोठी चूक वाटते. सेरेसपेक्षाही मोठी. तुझ्या मित्राला विचार, तो लॅकोनियाचा धागा मुळातच वगळायला हवा होता का? आणि दोघांचंही मत मला सविस्तर कळव. अर्थात आधी सगळी पर्वं बघून.

परीक्षेचा अभ्यास चालू ठेव. आईला फोन करत जा.

तुझी
मावशी