सही घेतली म्हणजे कळवलं असं होत नाही

शिकवणं चालू असताना शिपाई दारात येऊन उभा राहतो. त्याच्या हातात सूचना वही असते. खडू खाली ठेवायचा, एक नजर टाकायची, आपल्या नावापुढे सही करायची आणि वही पुढच्या वर्गाकडे. वहीची सुरुवात ठरलेली, ‘सर्व शिक्षकांना कळविण्यात येते की’, आणि शेवटही ठरलेला, ‘याची नोंद घ्यावी’. मुख्याध्यापकांचं काम झालं. उद्या कुणी जाब विचारला तर सह्या दाखवता येतात. पण सही करणाऱ्यांपैकी किती जणांना खरोखर कळलं, हे त्या वहीत कुठेच लिहिलेलं नसतं.

मी सोलापुरात एका उर्दू माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला मराठी शिकवते. गरज पडली की खालच्या वर्गांवर उर्दूही घेते. नोकरीला वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात चार मुख्याध्यापक पाहिले. कुणी शिस्तीचे होते, कुणी मवाळ. पण आज मागे वळून पाहताना त्यांच्यातला मोठा फरक मला वेगळाच दिसतो. पुढच्या महिन्यात शाळेत काय होणार आहे, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं आणि कसं सांगितलं, हा तो फरक.

ही गोष्ट बाहेरच्यांना किरकोळ वाटेल. शिक्षकांना ती किरकोळ नाही. शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे २००९च्या आरटीईने, पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास ठरवून दिले आहेत. शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरले आहेत आणि त्या ४५ तासांत पाठाची तयारीही मोजली आहे. म्हणजे तयारी हे काम आहे, हे कायद्यालाच मान्य आहे. आता उद्या काय आहे हे आज सांगितलंच नाही, तर तयारी कशाची करायची? सकाळी टाचण काढून शाळेत यावं आणि दारातच समजावं की आज वर्ग नाहीत, ऑनलाईन माहिती भरायची आहे, चार वाजेपर्यंत. त्या दिवसाचे तास कागदावर भरतात, पण मुलांच्या पदरात पडत नाहीत.

पूर्वीचे एक मुख्याध्यापक आलेली सगळी परिपत्रकं टेबलाच्या खणात ठेवत. मनाने वाईट नव्हते. ‘लोकांना आधी सांगितलं की फाटे फुटतात’ असं त्यांचं मत होतं. त्यामुळे व्हायचं असं की त्यांच्या जवळच्या दोघा-तिघांना सगळं माहीत असे आणि बाकीचे त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधत. प्रशिक्षणाला कोण जाणार, निवडणुकीच्या कामाचे आदेश कुणाचे आले, कुणाचा वर्ग बदलणार, हे सगळं डबा खाताना कुजबुजीतून कळायचं. ज्याला आधी कळे तो स्वतःला वजनदार समजे, आणि ज्याला शेवटी कळे त्याला आपण या शाळेचे नाहीच असं वाटे. त्या काळात शाळेत भांडणं फार होत. आज वाटतं, त्यातली बरीचशी न मिळालेल्या माहितीचीच होती.

उर्दू शाळांत यात आणखी एक पदर असतो. वरून येणारा कागद मराठीत असतो. आमचे बहुतेक शिक्षक मराठी बोलतात, वाचतात. बाजारात, बँकेत, केंद्राच्या शिक्षण परिषदेत त्यांचं काही अडत नाही. पण ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये’, ‘विहित नमुन्यात’, ‘अनुज्ञेय राहणार नाही’ ही मराठी वेगळीच. ती कोल्हापूर-पुण्याच्या मराठी शिक्षकांनाही दोनदा वाचावी लागते. मग कुणीतरी माझ्याकडे कागद घेऊन येतं, ‘आपा, क्या लिखे हैं, बोलो ना.’ मी वाचून सांगते. त्यात मला आनंदच आहे. पण शाळेत एकटीच व्यक्ती कागद वाचून सांगत असेल आणि बाकीचे तिच्या तोंडाकडे पाहत असतील, तर ती सोय आहे की सत्ता, याचा विचार व्हायला हवा. म्हणून माझं म्हणणं असं की कागद सगळ्यांसमोर, मोठ्याने आणि दोन्ही भाषांत वाचला गेला पाहिजे. ही जबाबदारी मराठीच्या शिक्षकाची नाही, मुख्याध्यापकाची आहे.

हे का म्हणते, ते २०२५ या एका वर्षावरून सांगता येईल. त्या वर्षी प्राथमिक शाळांवर तीन मोठ्या बातम्या आदळल्या.

पहिली परीक्षांची. रमजान मार्चमध्ये होता, ३१ मार्चला ईद झाली. एरवी एप्रिलच्या मध्यापर्यंत खालच्या वर्गांच्या परीक्षा उरकतात. त्या वर्षी राज्यभर एकच वेळापत्रक आलं आणि पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल अशा ठरल्या. सोलापूरचा एप्रिल ज्याने काढला आहे त्याला त्याचा अर्थ कळेल. पारा चाळीशी ओलांडतो, पत्र्याच्या खोल्या भट्टीसारख्या होतात. कुणाची गावाकडची तिकिटं काढून झालेली, कुणाच्या घरी ईदनंतरचं लग्न. निर्णय वरचा, तो बदलणं आमच्या हातात नव्हतं. पण आमच्या मुख्याध्यापिकांनी (आम्ही सगळे त्यांना बडी आपा म्हणतो) पत्र आलं त्याच दिवशी सगळ्यांना बसवलं. रमजानमधल्या कमी वेळेच्या शाळेत काय संपवायचं, ईदनंतरच्या आठवड्यात काय उजळायचं, ज्यांना जाणं टाळता येणार नाही त्यांचा वर्ग कोण बघणार, हे सगळं तासाभरात ठरलं. चिडचिड झाली. पण ती वेळापत्रकावर झाली, एकमेकांवर नाही.

दुसरी बातमी हिंदीची. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला आणि ‘पहिलीपासून हिंदी सक्तीची’ अशी चर्चा गल्लीगल्लीत सुरू झाली. १७ जूनला सुधारित निर्णय आला, २९ जूनला दोन्ही रद्द झाले. राज्यभर वाद झाला, त्यावर प्रत्येकाचं आपलं मत असेल. मला इथे एवढंच सांगायचं आहे की उर्दू शाळांतल्या कितीतरी शिक्षकांनी उन्हाळ्याची अख्खी सुट्टी ‘आता आपल्या मुलांना चौथी भाषा’ या काळजीत घालवली. पहिलीचं पोर उर्दू शिकतं, मराठी शिकतं, इंग्रजी शिकतं, त्यात आणखी हिंदी? मूळ निर्णय वाचला असता तर दिसलं असतं की हिंदीचा तो मुद्दा मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांपुरता होता. इतर माध्यमांच्या शाळांत माध्यमाची भाषा, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा आधीच आहेत, म्हणून तिथे चौथी येत नव्हती. दोन परिच्छेद कुणी वाचून दाखवले असते तर दोन महिन्यांची काळजी वाचली असती.

तिसरी बातमी सगळ्यांत जड. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टीईटीबद्दल निकाल दिला. तो खटला आपल्याच राज्यातला, अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र शासन. ज्या सेवेतल्या शिक्षकांची निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ बाकी आहे, त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. नाही झाले तर सेवा संपणार. ज्यांची पाच वर्षांहून कमी राहिली आहेत ते राहू शकतात, पण टीईटीशिवाय बढती नाही. महाराष्ट्रात ही परीक्षा २०१३ मध्ये सुरू झाली. त्याआधी लागलेल्या आम्हा लोकांनी ती कधी दिलेलीच नव्हती. संध्याकाळपर्यंत मोबाईलवर एकच ओळ फिरू लागली, ‘टीईटी नाही तर नोकरी नाही.’ पंचेचाळीस-पन्नाशीच्या बाया त्या रात्री झोपल्या नाहीत. घराचं कर्ज, मुलीचं शिक्षण, सगळं डोळ्यांसमोर उभं राहिलं.

त्या ओळीत निकालाचा एक महत्त्वाचा भाग नव्हता. अल्पसंख्याक संस्थांना आरटीई लागू होतो की नाही, हा प्रश्न न्यायालयाने मोठ्या खंडपीठासमोर ठेवण्यासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. २०१४ च्या प्रमती निकालाने अशा संस्थांना त्यातून बाहेर ठेवलं होतं, त्याचाच फेरविचार व्हावा असं या न्यायपीठाचं मत पडलं. आणि तो निर्णय होईपर्यंत अल्पसंख्याक संस्था वगळून बाकी सगळ्या शाळांना हा आदेश. ‘वगळून’ या एका शब्दावर आमची झोप टांगलेली होती. आमची शाळा अल्पसंख्याक संस्थेची. पण महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणींसाठी तोच निकाल लगेच लागू होता. एकाच शहरात, एकाच माध्यमात, दोन शाळांसाठी दोन अर्थ.

बडी आपांनी दोन दिवस घेतले. संस्थेच्या वकिलांना विचारलं, निकालाचा तो भाग छापून आणला आणि सभेत फळ्यावर दोन रकाने आखले. एकावर लिहिलं ‘तय’, दुसऱ्यावर ‘बाकी’. आमच्या शाळेला आज हा आदेश लागू नाही, हे ‘तय’मध्ये. मोठं खंडपीठ काय म्हणेल, हे ‘बाकी’मध्ये. कुणी म्हणालं, म्हणजे आता निश्चिंत राहायचं? त्या म्हणाल्या, ‘मी तसं म्हणणार नाही. मला जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांगते. परीक्षा नोव्हेंबरमध्ये आहे. ज्यांना द्यायची आहे त्यांनी फॉर्म भरा, तासिकांचं मी बघते.’ पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन, १५० गुण, उत्तीर्ण व्हायला खुल्या गटाला ६० टक्के. हेही त्यांनी लिहून दिलं. आमच्यातल्या सहा जणांनी फॉर्म भरला. त्यांत मीही होते.

मला त्यांचा ‘बाकी’चा रकाना फार आवडतो. मुख्याध्यापक माहिती दाबतात ती नेहमी दुष्टपणाने नाही. बरेचदा त्यांनाच कागद ‘अतितातडीचे’ असा शिक्का मारून ऐनवेळी मिळतो. आज सांगितलं आणि परवा बदललं तर शिक्षक आपल्यालाच बोल लावतील, अशी भीती असते. पण ठरलेलं आणि न ठरलेलं वेगळं करून सांगितलं, बदल झाला की तोही त्याच फळ्यावर लिहिला, तर कुणी बोल लावत नाही. एवढा अनुभव गेल्या तीन वर्षांत आम्ही घेतला आहे. मुख्याध्यापकाने काहीच न सांगितल्यावर ती रिकामी जागा रिकामी राहत नाही, तिथे व्हॉट्सअॅप येऊन बसतं.

उर्दूत दोन शब्द आहेत, इत्तिला आणि मशविरा. इत्तिला म्हणजे खबर देणं, मशविरा म्हणजे विचारणं. सूचना वहीने फार तर इत्तिला होते. पण निर्णय पक्का होण्याआधी खबर दिली, तरच मशविऱ्याला जागा राहते. वार्षिक नियोजन जूनमध्ये सह्यांसाठी आलं तर त्यात आम्ही काय बोलणार? तेच मेच्या आधी कच्च्या स्वरूपात आलं, तेव्हा पहिलीच्या बाईंनी सांगितलं की गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात हजेरी निम्मी असते, त्या आठवड्यात चाचणी ठेवू नका. एवढी साधी गोष्ट. पण ती वर्गावर उभं राहणाऱ्यालाच माहीत असते.

आणि ही साखळी शिक्षकांपाशी थांबत नाही. आमच्या कितीतरी मुलांच्या आया विड्या वळतात. त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने असते. ‘उद्या पालकसभा’ असा निरोप आज संध्याकाळी गेला तर ती आई एक तर मजुरी बुडवते, नाही तर सभा. मग आपण म्हणतो, पालकांना आस्था नाही. आरटीईने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असं सांगितलं आहे. त्या स्त्रियांनी यावं असं वाटत असेल तर त्यांना आठ दिवस आधी कळलं पाहिजे. आणि त्यांना आठ दिवस आधी कळायचं असेल तर वर्गशिक्षकाला दहा दिवस आधी.

इतर शाळांतल्या माझ्या भावा-बहिणींना एवढंच सांगेन की वही समोर आली की सही करण्याआधी वाचा, आणि कळलं नाही तर तिथेच विचारा. महिन्यातून एक सभा फक्त पुढच्या महिन्यासाठी मागून घ्या. मूळ कागदाची एक प्रत शिक्षक खोलीत लावायची विनंती करा, त्याला पैसे लागत नाहीत. जे मुख्याध्यापक आहेत त्यांना विनंती, खणातले कागद बाहेर काढा. आमच्या फळ्यावर ‘बाकी’च्या रकान्यात टीईटीचा प्रश्न अजून तसाच आहे. त्याच्याखाली या महिन्यात दोन नव्या ओळी आल्या आहेत, आणि त्या सगळ्यांनी वाचल्या आहेत.