रांबुयेचा कळप

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून सुटलेली गाडी व्हर्साय मागे टाकून रांबुयेला येते. प्रवासी इथे उतरतात ते राजवाडा पाहायला. मी उद्यान ओलांडून थेट तिथल्या राष्ट्रीय मेंढीपालन केंद्राची वाट धरली. मला मेरिनो पाहायची होती.

मेरिनो मूळची स्पेनची. तिथल्या मेंढीमालकांच्या 'मेस्ता' या संघाला राजा दहाव्या अल्फोन्सोने 1273 साली सनद दिली. कळप उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांत, हिवाळ्यात एस्त्रेमादुराच्या कुरणांत. त्यांच्या येण्याजाण्यासाठी राखीव वाटा. तलम लोकरीच्या व्यापारावर स्पेन श्रीमंत झाला, म्हणून ही मेंढी देशाबाहेर नेण्यास बंदी होती. पुढे राजघराण्यांच्या नात्यागोत्यांनी ती बंदी सैल केली. 1765 साली एक कळप सॅक्सनीला गेला. 1786 मध्ये सोळाव्या लुईसाठी तीनशेहून अधिक मेंढ्या स्पॅनिश मेंढपाळांबरोबर पायी निघाल्या आणि ऑक्टोबरात रांबुयेला पोहोचल्या. 1793 मध्ये राजाचा शिरच्छेद झाला, पण कळप क्रांतीतूनही तगला.

त्यांचेच वंशज माझ्यासमोर उभे होते. पिळदार शिंगांचे एडके, मानेवर कातडीच्या जाड वळ्या. लोकर वरून मळकट, करडी. बोटांनी फट पाडली, तर आत सायीच्या रंगाची, दाट, बारीक लहरींची लोकर! हाताला चरबीचा तेलकटपणा लागला. घोंगडीच्या भरड लोकरीची सवय असलेल्या माझ्या बोटांना हा स्पर्श अगदी नवा होता.

दोनशेहून अधिक वर्षं या कळपात बाहेरचं रक्त आलेलं नाही. इथून मात्र रक्त जगभर गेलं. अमेरिकेत टेक्सास-वायोमिंगच्या माळांवर रांबुये हीच जात म्हणून रुजली. राजस्थानात अविकानगरच्या संशोधन संस्थेने मालपुरा मेंढीशी तिचा संकर करून 'अविकालीन' तयार केली.

संकर करायचा तर मूळ वाण कुठेतरी शुद्ध राहावं लागतं, हे रांबुयेने ओळखलं. आपल्या दख्खनी मेंढीच्या लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी अशा उपजाती आहेत. दुष्काळी माळावर मैलोन्‌मैल चालत जगण्याची ताकद त्यांच्यात आहे. त्या प्रत्येकीचा एक तरी शुद्ध, नीट नोंदी ठेवलेला कळप सरकारने आणि कृषी विद्यापीठांनी धनगरांना सोबत घेऊन जपायलाच हवा.