एका चुलीवरचा अभ्यास

परिपाठाला मुलं दहा मूल्यं एका सुरात म्हणतात: श्रमप्रतिष्ठा, नीटनेटकेपणा, संवेदनशीलता... घंटा झाली की सांडलेलं पाणी पुसायला शिपाईमामांना हाक जाते. यात मुलांचा काय दोष? तक्ता पाठ करायला सांगितला, तो त्यांनी केला.

कर्मवीर भाऊराव पाटलांकडे तक्ता नव्हता. १९१९ साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. स्वयंपाकही मुलांनीच करायचा. ज्या काळात पाणवठे वेगळे होते, त्या काळात शेजारच्यानं थापलेली भाकरी मुकाट्यानं खाणं हाच केवढा मोठा पाठ! त्यावर वेगळं भाषण कशाला हवं?

१९२७ साली गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाचं ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असं नामकरण झालं. पण कौतुकानं कोठी भरत नाही. मुलांच्या जेवणाची सोय होईना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. त्याग या विषयावर निबंध लिहिणाऱ्या पोरांना हे ठाऊक असतं का, कोण जाणे.

भाऊरावांनी संस्थेला बोधचिन्ह दिलं वटवृक्षाचं आणि ब्रीद दिलं ‘स्वावलंबी शिक्षण’. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना आजही महाविद्यालयांत चालते. तिथले विद्यार्थी ग्रंथालयात, बागेत काम करून फीचे पैसे उभे करतात.