उंचीच्या निम्मी मोकळी जागा

दादरच्या हिंदू कॉलनीचं किंवा पारशी कॉलनीचं कौतुक निघालं, की बोलणं गोलाकार गॅलऱ्या, जिन्याच्या जाळ्या आणि दर्शनी भिंतींवरच्या नक्षीपाशी येऊन थांबतं. मला मात्र या वस्तीचं खरं मोल दोन इमारतींमधल्या रिकाम्या जागेत दिसतं. ती जागा उरलीसुरली नाही, हिशोबानं ठेवलेली आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, मांडवीच्या दाटीतून शहरभर पसरला. अंधाऱ्या, कोंदट खोल्यांत रोग पोसला जातो, या समजुतीतून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं जुन्या शहरातून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले आणि उत्तरेला दादर-माटुंग्याची सखल शेतजमीन घेऊन नवी वस्ती आखली. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ६३.५ अंशांचा नियम लावून धरला. खिडकीच्या पायथ्यापासून आकाशाकडे त्या कोनात रेघ ओढली, तर समोरच्या इमारतीनं ती अडवायची नाही. साध्या भाषेत, समोरच्या इमारतीची उंची मधल्या अंतराच्या दुपटीहून जास्त नको. प्लेगचा दोष पुढे उंदरांवरच्या पिसवांकडे गेला, पण नियम त्यामुळे खोटा पडला नाही. तळमजल्यावरच्या स्वयंपाकघरातही दिवसाउजेडी दिवा लावावा लागू नये, यासाठी रोगाचं कारण सांगायची गरजच काय?

यावर एक आक्षेप रास्त आहे, आणि तो मला बोचतो. हा उजेड मिळाला मध्यमवर्गाला. रस्ते रुंद करताना ज्यांच्या खोल्या पाडल्या, त्यांतल्या फार थोड्यांना दादरचा ब्लॉक परवडणारा होता. बाकीचे शेजारच्या चाळींत आणखी दाटीनं कोंबले गेले. पण हा दोष वाटपाचा आहे. उजेड चैनीची वस्तू ठरवून सोडून दिला, तर काय होतं हे मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन वसाहतींत दिसतं. तिथे सात-आठ मजली इमारती एकमेकींपासून तीनेक मीटरवर उभ्या आहेत, आणि खालच्या मजल्यांवरच्या अंधाराचा नि कोंदटपणाचा क्षयरोगाशी असलेला संबंध अभ्यासकांनी मांडला आहे. शंभर वर्षांपूर्वी या शहराला जे कळलं होतं, ते गरिबांची घरं बांधताना बाजूला ठेवलं गेलं, याचा मला संताप येतो.

दुसरा आक्षेप आजचा. जागा कमी, माणसं फार, मग मोकळे पट्टे कसे परवडणार? इथे पुनर्विकासाला विरोध करण्यात अर्थ नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानं भाडी गोठली, डागडुजी थांबली. गळक्या छताखाली राहणाऱ्याला वारसा जपायला सांगणं क्रूरपणाचं आहे. पण ऑर यांचा नियम उंचीला मनाई करतच नाही, उंचीच्या प्रमाणात अंतर मागतो. आज छोट्या भूखंडावर टॉवर उभा राहतो आणि बाजूच्या मोकळ्या जागेत अधिमूल्य भरून सवलत मिळते, म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीतला उजेड विकला जातो, आणि पैसे शेजाऱ्याला मिळत नाहीत. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तो योग्यच. दादर-माटुंग्यात मात्र दर्शनी भिंत वाचवून भागणार नाही. एकेका भूखंडाऐवजी सगळ्या गल्लीचा आराखडा एकत्र करावा, आणि चटईक्षेत्र ठरवण्याआधी तळमजल्याच्या खिडकीतून आभाळ किती दिसेल ते मोजावं.